माहेरवहीची बखर

श्री. ज्याचे नाव कोणत्याही दफ्तरात नाही त्याचीही ज्यास खबर असते, त्या देवास आधी नमस्कार, मग लेखणीस. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सर, ते सालापासून पुढे एका राज्यात जे वर्तमान घडले ते जसे ऐकिले तसे लिहितो, पदरचे घालीत नाही.

ते राज्य मोठे व्यवस्थेचे. घोड्यांचे भोवरे लिहिलेले, आंब्यांची झाडे लिहिलेली, आणि रयतेची दुखणीही लिहिलेली. आणि दफ्तरदार दारकोपंत यांचा शिरस्ता असा की, शंभर माणसांस होते ते दुखणे, आणि त्याहून कमी जणांस होते ती त्या त्या माणसाची खोड. अशा खोडींचे कागद 'किरकोळ' म्हणून एका रुमालात बांधीत आणि त्या रुमालावर दफ्तराचे मांजर निजे. त्या राज्यात गोमाजी कासार म्हणून होता, तो गावोगाव फिरून बायांस बांगड्या भरी. त्याची बायको सगुणाबाई, तिची मूठ एकदा मिटली की लवकर उघडत नसे. लग्नात हातात हात दिला तो तिने सोडिलाच नाही, वऱ्हाडी हसले, आणि गोमाजी ते प्रेम समजून वर्षानुवर्षे खुशीत राहिला. प्रेमही असेल, ते कोणी लिहून ठेविले नाही. पुढे तिच्या पापण्या जड झाल्या, बसल्या जागी झोप येऊ लागली, आणि पस्तिसाव्या वर्षी ती वारली. मग गोमाजीने वर्षभर फेरी केली नाही. आणि मग एके दिवशी लेक साळू, वय वर्षे बारा, जात्याचा खुंटा धरून बसली ती उठेना; दळण संपले होते आणि हात सुटत नव्हता. साळू हसून म्हणाली, "आबा, खुंट्याला मी आवडले." गोमाजी हसला नाही.

मग तो तिला घेऊन त्रिंबकशास्त्री वैद्यांकडे गेला. शास्त्रीबोवा खरे बोलणारे. त्यांनी नाडी पाहिली, मूठ मिटवून उघडविली, आणि म्हणाले, "गोमाजी, ज्वराचे हजार रोगी पाहिले म्हणून ज्वर कळतो. हा एक हात पाहून मी काय शिकू? आणखी हात आण." मग गोमाजी दफ्तरात गेला आणि मांजर उठविले आणि किरकोळ रुमाल सोडविला, तो आत सात कागद निघाले, की अमुक गावची अमुक बाई, मूठ सुटत नाही. दारकोपंत म्हणाले की गावे सात, घरे सात, एकीचा दुसरीशी संबंध नाही, तेव्हा या सात निरनिराळ्या खोडी. आणि रुमाल पुन्हा बांधिला, आणि मांजर पुन्हा निजले.

मग गोमाजीने फेरी पुन्हा सुरू केली. कासाराचे काम असे की, बाईचा हात हाती घ्यावा, अंगठा आत दाबावा, पंजा चोळून मऊ करावा आणि मग बांगडी चढवावी. बाईचा हात नवऱ्याहून कासारास अधिक ठाऊक. आणि हात कासाराकडे गुंतला की तोंड मोकळे, आणि मोकळे तोंड माहेराखेरीज दुसरे बोलत नाही. त्या सातही गावी तो गेला, सातही हात पाहिले, आणि बांगड्या भरता भरता माहेर पुसले, तो सातही जणी हिवरदरीच्या, एका पणजीच्या पणत्या. लग्नात नाव बदलले, घर बदलले, आणि दफ्तराने सासरचे तेवढे लिहिले. भागी होती ती राधाबाई झाली, आणि बहीण बहिणीस कागदावर परकी झाली. सगुणाबाईही हिवरदरीचीच.

हे दारकोपंतांस सांगितले, तो ते म्हणाले की एका बाईची दोन नावे लिहिली तर राज्यात बाया दुप्पट होतील. गोमाजी म्हणाला, "पंत, आपल्या मातोश्रींचे माहेरचे नाव काय?" पंतांनी आठवून पाहिले, मग कारकुनांकडे पाहिले, मग घरी गेले. मातोश्री सत्तरीच्या, डाळ निवडीत होत्या. "इतक्या वर्षांत पुसले नाहीस, ते आज काय पुसतोस," म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "चिमी," आणि इतक्या हसल्या की सूप कलंडले. कारण ऐकिल्यावर मात्र हसणे थांबविले आणि सांगितले की, वही उघडल्याखेरीज या घरात तुझे पान मांडणार नाही. पंत एक दिवस उपाशी राहिले, दुसरे दिवशी वही उघडली. तिचे नाव माहेरवही.

वही उघडली तरी बाया नावे देईनात. हिवरदरीची ठकूबाई तेलीण म्हणाली, "कासारमामा, पोरींची नावे चावडीवर गेली तर त्यांस करून घेईल कोण? तुम्ही?" गोमाजीस ते पटले, आणि त्याने तोड काढिली की, नावांची यादी शास्त्रीबोवांच्या पेटीत कुलपात राहावी, आणि वहीत नावाचे जागी एक बांगडी लिहावी, जिची तिने निवडलेली. मग बाया आल्या, आणि मोरपिशी बांगडीवरून दोघींचे भांडण लागले ते तीन दिवस चालिले. वारलेल्यांची बांगडी घरच्यांनी निवडिली; गोमाजीने सगुणाबाईस लाखेची लिहविली. आणि दुखणे आईकडून लेकासही जाते, म्हणून पुरुषही निघाले. त्यांत एक सुभेदार, मोठ्या गालमिशांचे. आपणास बांगडी लिहिणार ऐकून त्यांनी तलवारीस हात घातला, तो हात मुठीवरून सुटेना. मग तसेच उभे राहून हळू पुसले, "हिरवी शिल्लक आहे काय?"

तीन वर्षांत बासष्ट जणे जमली. मूठ किती अंक मोजेतो सुटते, दृष्टी कशी, झोप किती, कोणते औषध दिले, आणि पुढे काय जाहले, सारे लिहिले. शास्त्रीबोवा वही घेऊन आठ दिवस बसले आणि मग गोमाजीस बोलाविले. वहीत वारलेली अकरा. एकास पुराने नेले. नऊ जणांस शेवटल्या दिवशी कशा ना कशा वेदनेवर अफू दिली होती, इतरांस सोसते तेवढीच, आणि ती निजली ती उठली नाहीत. अकरावी लाखेची बांगडी, आणि तिचा औषधाचा रकाना कोरा.

"हा रकाना तू कोरा ठेवविलास," शास्त्रीबोवा म्हणाले. "तिला दुसरे काही दिले असेल तर माझे म्हणणे डळमळते. दरबारात पंत नेमके हेच पुसतील."

गोमाजीने वही आपल्याकडे ओढिली आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेविले. सगुणाबाईची दाढ चार दिवस ठणकत होती, आणि ती बोलत नसे पण भिंतीस डोके टेकून बसे, आणि ते त्याच्याने पाहवेना.

"अफू," तो म्हणाला. "मुगाएवढी. मीच आणली, मीच चारली."

शास्त्रीबोवा म्हणाले की, तेव्हा हे कोणासच ठाऊक नव्हते. गोमाजी म्हणाला, "नव्हते. लिहा." आणि त्यांनी लिहिले. मग, आणणार नवरा, असेही लिहा म्हणाला. परंतु त्यास वहीत रकाना नव्हता, म्हणून ते राहिले.

मग दरबार भरला आणि पंतांनी पुसले आणि शास्त्रीबोवांनी दाखविले, आणि महाराजांनी हुकूम काढिला की, वहीतल्या माणसास अफू देऊ नये, आणि जेथे वहीचे माणूस आहे त्या घरी तो हुकूम ठेवावा. त्याच साली साळू पेरूच्या झाडावरून पडली आणि तिचा हात मोडला. हाडवैद्य आला आणि सवयीप्रमाणे आधी डबी काढिली. गोमाजीने हुकूम पुढे केला आणि डबी मिटविली. मग हाड तसेच बसविले. साळूने हाडवैद्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, बापास सोडिले नाही, महाराजांसही सोडिले नाही, आणि त्या शिव्या वेशीपर्यंत गेल्या. शेजारीण कानावर हात ठेवून आली आणि म्हणाली, "पोरीला आवरा हो जरा."

गोमाजी ओट्यावर बसला होता. म्हणाला, "ओरडू द्या, वैनी. ऐकतो आहे मी."

एवंच वर्तमान. दुखण्यास औषध अद्याप सापडले नाही, शोध चालू आहे. साळूचा हात किंचित वाकडा बसला. पण पोर आहे.