उजव्या गुडघ्याबाबत मंडळाची भूमिका

माणूस धडधाकट असतो तोवर तो स्वतःचा असतो. त्याचं काही मोडलं की तो समाजाचा होतो. हे सत्य जगात सगळीकडे लागू आहे, पण कॅनडातल्या सस्काटूनमध्ये जरा जास्तच लागू आहे. कारण इथे हिवाळा सहा महिन्यांचा आणि मराठी समाज बासष्ट कुटुंबांचा. एवढ्या मोकळ्या वेळात एवढ्या लोकांनी काळजी तरी करायची कोणाची? म्हणून गेल्या जूनमध्ये चित्रावहिनींच्या केयाचा उजवा गुडघा गेला, तेव्हा मंडळाला दुःख झालंच, पण त्याबरोबर थोडं हायसंही वाटलं. (हे वाक्य इतिवृत्तात नाही.)

केया अठ्ठावीस वर्षांची, पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर आणि शहरातल्या बायकांच्या फुटबॉल टीमची क्वार्टरबॅक. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरचे पळणाऱ्याला आडवं करतात. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरवणारी. तिच्यापुढे पाच दणकट बायका भिंत करून उभ्या राहतात. पलीकडून तितक्याच दणकट बायका ती भिंत फोडून तिला पाडायला धावतात. तिला विचार करायला साधारण तीन सेकंद मिळतात. आमच्या कार्यकारिणीला पाडव्याच्या मेनूसाठी सात आठवडे लागतात, यावरून अवघडपणाचा अंदाज यावा.

केया चार वर्षं खेळत होती. या काळात शहरात एकोणीस सामने झाले. आईवडील सोडून मंडळाच्या सदस्यांची एकूण उपस्थिती: एक. (तेही वॉशरूम शोधत आत आले होते.) गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं त्या आठवड्यात मात्र तिला भेटायला सत्तेचाळीस जण आले. एवढे त्यांच्याकडे गणपतीलाही येत नाहीत.

गुडघा संरक्षण समिती तेव्हाच स्थापन झाली. अध्यक्ष डॉ. रविकांत, निवृत्त त्वचारोगतज्ज्ञ. गुडघ्यावर त्वचा असतेच, या मुद्द्यावर त्यांची निवड बिनविरोध झाली. चिटणीस मी, नंदकुमार. मी तीस वर्षं हायवे खात्यात पुलांचे सांधे तपासले. पूल आणि मुलगी यांत फरक एवढाच, की पूल मधेच 'काका, आय ॲम फाइन' म्हणत नाही.

पुढचे नऊ महिने समितीने डोळ्यांत तेल घालून काम केलं. घरासमोरचा बर्फ पाळीपाळीने शोव्हल केला. रोज सकाळी आठ वाजता ग्रुपवर पत्रक काढलं: 'गुडघा स्थिर.' तीळतेल, नारायण तेल, एरंडेल आणि कोणीतरी चुकून दिलेलं गाडीचं तेल यांचा साठा केला. चित्रावहिनींनी मिरच्या जाळून दृष्ट काढली, तेव्हा स्मोक अलार्म वाजून अग्निशमन दलाचे चार जवान आले. त्यांनाही गुडघा दाखवण्यात आला. त्यांचं मत अनुकूल होतं.

याच नऊ महिन्यांत केया पहाटे पाचला उठून व्यायाम करत होती, आधी कुबड्यांवर, मग काठीवर, मग बाहेर उणे तीस असताना बेसमेंटमध्ये गादीवर चेंडू फेकत. एकदा फिजिओकडे पाय वाकेना म्हणून ती ढसाढसा रडली म्हणे. हे समितीच्या कामकाजात मोडत नसल्याने त्याची नोंद आमच्याकडे नाही.

एप्रिलमध्ये सर्जनने खेळायला परवानगी दिली. टीमची कोच सरळ बोलणारी बाई. तिने केयाला सांगितलं: सीझन सुरू होण्यापूर्वी शेजारच्या रेजायना शहराच्या टीमशी एक सरावाचा सामना आहे. त्यात चेंडू आपल्याकडे येईल तेव्हा पहिल्या दोन खेपांना तू खेळ. मार सोसून उभी राहिलीस तर जागा तुझी. नाहीतर नवीन मुलगी तयार आहे, वर्षभर ती खेळेल.

हे मला केयानेच फोनवर सांगितलं. "नंदूकाका, हा एकच चान्स आहे," ती म्हणाली.

मी म्हणालो, "ते ठीक आहे गं, पण सूज आहे का?"

आता लाल जर्सीविषयी. सरावात क्वार्टरबॅकला लाल जर्सी घालायला देतात. ती ज्याच्या अंगावर असेल त्याला कोणी हात लावायचा नाही, असा नियम आहे. हे कळल्यावर समितीच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं या देशात काढून आम्ही इथून काय शिकलो, तर विंटर टायर वेळेवर बदलायला. आणि हे लोक इतकी थोर कल्पना नुसती मैदानात वापरून कपाटात ठेवून देत होते.

पाडव्याला (जो आमच्याकडे शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी येतो) केयाला लाल जर्सी घालूनच आणण्यात आलं. परिणाम थक्क करणारा होता. तिला कोणी पाठीत धपाटा घातला नाही. वाकून नमस्कार कर म्हणून सांगितलं नाही. लग्नाचं विचारलं नाही. ताट जागेवर आलं. हॉलमधल्या लोकांनी हे श्रीखंडाच्या दुसऱ्या वाढपापर्यंत पाहून घेतलं, आणि कार्यक्रम संपायच्या आत माझ्याकडे लाल जर्सीसाठी नऊ अर्ज आले.

कोणाला नाकारणार? नाटकाच्या दिग्दर्शकाला टीका सहन होत नव्हती. एका जोडप्याला 'गोड बातमी कधी' हा प्रश्न चुकवायचा होता. एका गृहस्थांनी कारण लिहिलं: 'खुर्च्या उचलाव्या लागतात.' डॉ. रविकांतांनी स्वतःसाठी घेतली, कारण अध्यक्षाला प्रश्न विचारले की त्यांची त्वचा लाल होते. आठवड्याभरात एक्केचाळीस सदस्य संरक्षित झाले. पुढच्या सभेत कोणीच कोणाला काही विचारू शकलं नाही आणि खुर्च्या रात्रभर तशाच राहिल्या. मंडळाच्या इतिहासातली ही सर्वांत शांत सभा होती.

फक्त केयाने आपली जर्सी परत दिली. "मॅचमध्ये लाल नसते, काका. मॅचमध्ये सगळे मारतात," ती म्हणाली. तिचा हा हट्ट पाहून समितीने सामन्यासाठी पुढील व्यवस्था केली:

एक, केयापुढे भिंत करणाऱ्या पाचही जणींना डिंकाचे लाडू सुरू करणे.

दोन, रेजायनाच्या टीमला विनंतीपत्र. सोबत लाडूंचा डबा. (उत्तर आलं: 'लाडू फार छान होते. रविवारी भेटू.')

तीन, प्रत्येक सदस्याने फोनवर गुडघ्याचं चित्रण करणे, म्हणजे नंतर डॉक्टरांना दाखवता येईल.

चार, शिट्टी, नग एक. आणीबाणीसाठी. ताबा चिटणीसांकडे.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, हे खरं. आम्ही ताकाचं भांडंच कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली.

रविवारी मैदानाच्या कडेला अजून बर्फ होता. एक्केचाळीस लाल जर्सी एका रांगेत बसल्या. कॅनडात एवढा मराठी प्रेक्षकवर्ग कुठल्याही खेळाला लाभला नसेल, आणि तो खेळ बघायला आलेला नव्हता.

पहिली खेप वाया गेली. केयाची बोटं गारठली होती, दोन चेंडू जमिनीवर आपटले. कोचने नवीन मुलीला हात-पाय मोकळे करायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला चेंडू केयाच्या हातात आला, आणि भिंतीच्या डाव्या कोपऱ्यातून रेजायनाची एक उंच बाई सुटली. तिचं लक्ष्य आम्ही जपलेला गुडघा होता की आणखी काही, हे ठरवायला वेळ नव्हता.

शिट्टी वाजली. (ती कोणी वाजवली याची इतिवृत्तात नोंद नाही. इतिवृत्त मीच लिहितो.)

सगळे खेळाडू जागच्या जागी थांबले. चेंडू मात्र आधीच हवेत गेलेला होता. तो लांबवर एका मुलीच्या कुशीत अलगद जाऊन पडला. पंचांनी हात हलवून तो खेळ रद्द केला आणि पुन्हा घ्यायला लावला. केयाने नऊ महिन्यांत फेकलेला पहिला नीट पास मोजलाच गेला नाही.

केया चालत आमच्या कठड्यापाशी आली. तिने हेल्मेट काढलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"काका, शिट्टी द्या," ती म्हणाली.

"अगं, पडली असतीस," मी म्हणालो.

"पडायलाच आलेय मी. पडल्यावर उठता येतं का, एवढंच बघायचंय कोचला. आणि मलाही. नाइन मंथ्स, काका. मला खूप भीती वाटतेय, पण मला पडू द्या. प्लीज."

मी शिट्टी दिली. चित्रावहिनी माझ्या शेजारीच होत्या. त्या फोन धरून म्हणाल्या, "जा बाळा. सांभाळून पड."

पुन्हा चेंडू आला. पुन्हा तो कोपरा फुटला. तीच उंच बाई केयावर आदळली आणि दोघी आडव्या झाल्या. माझा हात खिशात शिट्टीकडे गेला, ती तिथे नव्हती. दोन सेकंद केया हलली नाही. मग तिने एक हात टेकला, उजवा गुडघा वाकवला आणि ती उठून उभी राहिली. त्या उंच बाईनेच तिच्या पाठीवरचा बर्फ झटकला. आमच्या रांगेत जल्लोष झाला. डॉ. रविकांतांनी मला मिठी मारली, लाल जर्सी असूनही. सगळं मैदानच उभं राहून ओरडत होतं. गुडघ्यावर या शहराचं एवढं प्रेम आहे, हे पाहून मला भरून आलं.

सामना संपल्यावर केया धावत आली. धापा टाकत तिने विचारलं, "बघितलंत?"

"बघितलं," डॉ. रविकांत म्हणाले. "अजिबात सूज नाही."

"पास, काका. टचडाउन झालं ना त्याच्यावर, सहा पॉइंट मिळाले. पडताना फेकला मी. कुणी बघितला?"

सगळ्यांनी आपापले फोन पाहिले. शेवटी चित्रावहिनी म्हणाल्या, "सगळं शूट केलंय गं, एक्केचाळीस जणांनी." टीमचा स्वतःचा कॅमेरा थंडीने बंद पडलेला होता, त्यामुळे केयाचा चेहरा उजळला.

जवळच्या कॉफीच्या दुकानात बसून तिने एकामागून एक फोन हातात घेतले. चित्रण उत्तम होतं. मांडीपासून नडगीपर्यंत, एकदम स्पष्ट. एक्केचाळिसांपैकी एकातही चेंडू नव्हता. तिच्या वडिलांनी, चारुदत्तने, फोन तिरका धरल्यामुळे त्यात एक क्षणभर तिचं कोपर दिसत होतं, ते तिने तीन वेळा पाहिलं. मग फोन परत दिला आणि "थँक्स, बाबा" म्हणाली.

कोचने जागा तिलाच दिली. हे मला तीन आठवड्यांनी कळलं, कारण मी विचारलं नव्हतं. त्यानंतर दोन सामने झाले. गुडघा ठणठणीत असल्यामुळे समिती विसर्जित झाली आहे, सबब उपस्थितीची नोंद ठेवण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

हा अहवाल पाठवण्यापूर्वी मी अकरा जणांना वाचायला दिला. अकराही जणांनी वाचून एकच विचारलं, "मग आता गुडघा कसा आहे?" तो पास किती लांब गेला, हे एकानेही विचारलं नाही. तुम्हीही नाही. तुम्ही इथवर वाचत आलात ते गुडघा पुन्हा मोडतो का, हे बघायलाच. नाही मोडला. या आता.