भूपालअण्णांची वर्दी

आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की पहिली हाक भूपालअण्णांची. आणि सगळ्या गल्लीच्या टाक्या भरल्या तरी ज्यांची घागर रिकामी राहायची, तेही भूपालअण्णाच.

“आलंय! पाच-नऊ! पळा!” असं ओरडत ते मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. परत येईपर्यंत धार करंगळीएवढी. मग घागर घेऊन माझ्या दारात. “मास्तर, अर्धी द्या की.” आधी स्वतःची घागर लावून मग बोंबलायला या माणसाचं काय जात होतं, देव जाणे.

हे खूळ रेडिओतून आलेलं. अण्णा जळलेल्या मोटरी नव्या तांब्याच्या तारेनं भरून द्यायचे. तसलीच तार त्यांनी रेडिओची एरियल म्हणून गच्चीवरून समोरच्या नारळापर्यंत ताणली होती. माझ्या बायकोनं एकदा तिच्यावर साडी वाळत घातली, तर अण्णांनी हात जोडले, “वहिनी, जपान झाकला की!”

सरकारी परवाना काढून घरबसल्या जगाशी बोलणाऱ्या हौशी मंडळींपैकी ते एक. समोरच्याचा आवाज कसा येतोय हे ही मंडळी आकड्यांत सांगतात. स्पष्टपणाला पाचपैकी, जोराला नऊपैकी. अण्णांनी तो हिशेब सगळ्या जगाला लावला होता. आमची आमटी पाच-नऊ. माझं भजन एक-नऊ, म्हणजे जोर भरपूर, कळत काही नाही.

दूरच्या बेटावरचा, वर्षानुवर्षं न सापडलेला एखादा गडी कानावर आला की त्याच्याशी बोलायचं सोडून अण्णा फोनकडे धावायचे. पहिली वर्दी कबनूरच्या शौकतभाईंना, तेही असेच हौशी. त्या बिचाऱ्यांना शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात सुट्टीचा दिवस सोडला तर काही ऐकूच यायचं नाही. मग नेसरीच्या डॉक्टरांना. तोवर त्या बेटावाल्याभोवती अशी झुंबड उडायची की अण्णांची हाक तिथवर पोचायचीच नाही. पण “शौकतला घावला!” म्हणून गल्लीत पेढे वाटायचे ते अण्णाच.

पुढे बेळगावच्या जावयानं कॉम्प्युटर दिला. आता कोण कुठं ऐकू येतंय ते जगभरची मंडळी त्याच क्षणी पडद्यावर एकमेकांना कळवू लागली. अण्णा दिवसभर दुसऱ्यांची नावं टाकत बसायचे.

“तुमचंही टाका की,” मी म्हणालो.

त्यांनी जीभ चावली. “छ्या! आपली वर्दी आपणच द्यायची नसती, मास्तर. पाप हाय ते. दुसऱ्यानं ऐकून सांगितलं, तरच आपुन हाय.”

आणि मग पडद्याकडे बघत राहायचे. कोणीतरी आपलंही नाव टाकावं, एवढी एकच हाव त्या माणसाला होती. टाकत मात्र कोणी नव्हतं.

एका सकाळी नळाला पाणी आलं आणि गेलं. गल्लीत कोणालाच पत्ता नाही. घरोघरी भांडी कोरडी. बायका अण्णांच्या नावानं बोटं मोडू लागल्या, आणि मीही तणतणत त्यांच्या घरी गेलो.

दार नुसतं लोटलेलं. आत अण्णा गोधडीत, तापानं फणफणलेले. बायको गेल्यापासून त्या घरात दुसरं माणूस नव्हतं. उशाशी तांब्या, तोही रिकामा.

“अहो, भिंतीपलीकडं मी मेलोय का? एक हाक मारायची!” मला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटली होती.

“आपली वर्दी... आपणच...” एवढंच बोलून त्यांनी डोळे मिटले.

मी बायकोला डॉक्टर आणायला पिटाळलं, त्यांना पाणी पाजलं आणि त्यांच्याच फोनवरून कबनूर लावलं. मी कोण ते सांगताच शौकतभाई एकदम ओरडले, “मास्तर, अण्णा कुठं हाईत? कालपासनं एक वर्दी न्हाय! सगळी विचाराय लागलीत!”

मी मागं पाहिलं. अण्णा डोळे उघडून माझ्याकडेच बघत होते. मी त्यांच्याच थाटात फोनमध्ये पुकारलं, “भूपालअण्णा, मंगळवार पेठ! आवाज दोन-एक! पण ऐकू येतायत!”

गोधडीतून क्षीण आवाज आला, “तीन-दोन तरी सांगा की.”