बसप्पा लुगडं नेसला त्याची गोष्ट

१९७४चा उन्हाळा. सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहणाऱ्या बसप्पाच्या कुत्र्याला, तांबूला, गोचीड झाले. तांबू त्याच्या बायकोने, दाक्षायणीने माहेराहून, अक्कलकोटहून आणलेला. तिच्याशिवाय कुणालाही तो अंगाला हात लावू देत नसे. पण तिला सातवा महिना लागला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी पावडरीची पुडी देताना बसप्पाला बजावले होते, की हे विष आहे. बाईंनी पुडीला शिवायचे नाही, आणि कुत्र्याला आंघोळ घालेपर्यंत कुत्र्यालाही नाही.

तोंडाला रुमाल बांधून बसप्पा कामाला लागला. पहिल्या दिवशी तांबूच्या दातांत सदऱ्याची बाही गेली. दुसऱ्या दिवशी तांबू शेजारच्या कमरबीच्या बाजेखाली जाऊन बसला. दाक्षायणी खिडकीतून समजूत घालू लागली, तर तो तिच्याकडेच धावला आणि तिला खिडकी लावून घ्यावी लागली.

त्यात सासऱ्यांचे पत्र आले. वीरभद्रप्पा मंगळवारी संध्याकाळी मुलीला बाळंतपणाला न्यायला येणार होते. जावयाबद्दल त्यांचे मत आधीच फारसे बरे नव्हते. गोचिडांनी भरलेले कुत्रे पाहिले, तर पोरगी वर्षभर तरी परत यायची नाही, असे बसप्पाच्या मनाने घेतले.

तोड कमरबीने काढली. कुत्रा वासावर चालतो, तर दाक्षायणीचे लुगडे नेसून बसायला काय हरकत आहे, असे ती म्हणाली. मंगळवारी दुपारी बसप्पा हिरवे इरकली लुगडे नेसून, डोक्यावरून पदर घेऊन परसातल्या दगडावर बसला. तांबू आला, त्याने लुगडे हुंगले आणि मुकाट मांडीवर मान टाकली.

पावडर मानेपर्यंत चोळून झाली, तेवढ्यात मागच्या दाराने वीरभद्रप्पा आले. त्यांना सकाळचीच गाडी मिळाली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. त्यांना फक्त हिरवे लुगडे आणि कुत्रा दिसला.

"बसलीस व्हय, पोरी?" ते हळूच म्हणाले. "जावई घरात न्हाई तवर इचारतो. नीट बगतो का तुला?"

पदर जोरजोरात वरखाली हलला.

"भिऊ नगंस. माणूस येंधळा हाय, हे मी लग्नातच म्हणलो हुतो."

यावर पदर हलला नाही. म्हाताऱ्याला भरून आले. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायला ते वाकले आणि बसप्पाला राहवले नाही.

"हात लावू नका, मामा. औषध हाय."

वीरभद्रप्पांनी हात झटकन मागे घेतला. दाक्षायणी दारात आली आणि लांबूनच तिने सगळे सांगितले. ऐकताना त्यांनी पटका काढून डोळे पुसले. हसून पाणी आले होते की कशाने, ते कळले नाही. मग त्यांनी एवढेच विचारले, की हे लुगडे आता धुणार कोण.

"मीच," बसप्पा म्हणाला. "येगळ्या बादलीत."

म्हाताऱ्याने पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला. "हिच्या आईसाटी मी कवा घागरभर पाणी पन आणलं न्हाई," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे पोरगी हितंच. हिच्या आईलाच लावून देतो इकडं."

दाक्षायणीला सोलापुरातच मुलगी झाली. वीरभद्रप्पा पुढे बारा वर्षे येत राहिले. घरात लुगड्यातले कुणीही पुढे आले, की ते उंबऱ्यातच थांबायचे.

"जरा बोल बगू, पोरी," म्हणायचे, आणि आवाज ऐकल्यावरच डोक्यावर हात ठेवायचे.