पंचवीस अंशांवरचं झाड

झाडं जगवणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा बायकोने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्याने कुंडीकडे बघायला लागलो. कुंडीत कॉफीचं रोप होतं, कमरेएवढं. सासऱ्यांनी ते बीपासून वाढवलं होतं. सासरे जाऊन दोन वर्षं झाली. सासूबाई रोज सकाळी त्या रोपाशी बोलतात, आणि खरं सांगायचं तर सासरे होते तेव्हापेक्षा जास्तच बोलतात.

त्या पंधरा दिवस थोरल्या मुलीकडे निघाल्या होत्या. "जावईबापू, तुम्ही झाडांचे शास्त्रज्ञ. तुमच्याशिवाय कुणावर सोडू?" त्या म्हणाल्या आणि एका पानावरून हात फिरवून वळल्या.

मी झाडांचा शास्त्रज्ञ आहे खरा, पण अकरा वर्षांत एकाही झाडाला हात लावलेला नाही. माझं सगळं काम संगणकावर. पानातल्या प्रत्येक पेशीभोवती तेलकट रेणूंचा एक पातळ पडदा असतो. प्रत्येक रेणूला एक डोकं आणि दोन लांब शेपट्या. ऊब असली की शेपट्या वळवळतात आणि पडदा लवचिक राहतो. गारठा वाढला की शेपट्या ताठ होतात, पडदा कडक होतो आणि शेवटी त्याला भोकं पडतात. मी संगणकात असा पडदा बांधतो, त्याचं तापमान उतरवत नेतो आणि बघत बसतो. खरं झाड कुठेच नसतं, त्यामुळे पाणी घालायची भानगड नसते.

सोमवारी रोप ऑफिसात नेलं. माझ्या टेबलासमोर रोपं ठेवायचं काचेचं कपाट आहे. त्यात नळीने पाणी येतं, दिवे लागतात, तापमान ठरवून देता येतं. दारावर 'उघडू नये' अशी चिठ्ठी मीच कधीतरी चिकटवलेली. आकडा दाखवणारी पट्टी केव्हाच बंद पडली होती, पण आत पंचवीस अंश असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. रोप आत ठेवून मी संगणकावर नवा प्रयोग लावला. पंचवीस अंशांपासून दोन अंशांपर्यंत, रोज थोडं थोडं खाली. शुक्रवारी साहेबांना निकाल हवा होता.

मंगळवारी संगणकातला पडदा अठरा अंशांवर आला आणि रोपाची पानं किंचित कलली. नवी जागा आहे, रुळेल, म्हटलं. बुधवारी दहा अंश केले. स्क्रीनवर शेपट्या एकेक करून ताठ उभ्या राहत होत्या. मी मान वर केली, तर समोर सगळी पानं लोंबलेली. मी बघत असतानाच एक पान सावकाश खाली गेलं, कुणीतरी धरलेला हात सोडावा तसं.

गुरुवारी सहा अंश. अकराच्या सुमारास स्क्रीनवर पडद्याला पहिलं भोक पडलं, डावीकडे, खालच्या कोपऱ्यात. मी कपाटापाशी गेलो. डावीकडच्या सगळ्यात खालच्या पानावर काळपट, ओलसर डाग होता. सकाळी तो नव्हता.

तेवढ्यात बायकोचा फोन. "आई विचारतेय, झाड बरं आहे ना?"

"का गं?"

"बाबा स्वप्नात आले म्हणे. शाल मागत होते."

मी विज्ञानाचा माणूस, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. म्हणून मी रीतसर खात्री करायची ठरवली. संगणकात पंचवीस अंश घातले आणि कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. संध्याकाळपर्यंत पानं उचलली गेली. शुक्रवारी सकाळी परत दहा केले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पानं खाली. घाईघाईने पंचवीस केले आणि बायकोला फोन करून सगळं सांगून टाकलं. रोप आपल्याकडेच बघतंय असं वाटून मी खुर्ची जरा बाजूला सरकवली.

साहेब आले. "दोन अंशांचा निकाल?"

"नाही देता येणार, सर."

"का?"

"आत सासरे आहेत."

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, आणि शेजारच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकवाल्या बाईंना हाक मारली. मी घाम पुसत पुसत सगळी कथा सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतली, दारावरची चिठ्ठी वाचली आणि सरळ दार उघडून आत हात घातला.

"अहो, अजून केवढं गार आहे आत. किती ठेवलं होतं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांपूर्वी, रोज बटण फिरवायचा कंटाळा म्हणून, कपाटाने आपलं तापमान सगळ्यांच्या फोल्डरमधल्या 'तापमान' नावाच्या फाइलीतून उचलावं, अशी सोय मीच केली होती. आणि सोमवारपासून प्रयोगाचं तापमान मी त्याच फाइलीत लिहीत होतो. पाच दिवस त्या बिचाऱ्या रोपाला मी स्वतः गारठवत होतो आणि समोर बसून घाबरत होतो. दार उघडून हात घालावा, हे मला एकदाही सुचलं नाही. साहेबांनाही सुचलं नसतं.

कपाटाचा त्या फाइलीशी असलेला संबंध मी तोडून टाकला. एक पान गेलं, बाकी रोप तगलं. सासूबाई परतल्या की सगळं कबूल करायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. पण बायकोने त्यांना आधीच फोनवर अर्धी कथा सांगितली होती, आणि नेमकी चुकीची अर्धी: संगणकातला आकडा उतरला की झाड गारठतं, एवढीच.

"यांना थंडी कधीच सोसली नाही," माझा हात धरून सासूबाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "तुम्ही बरोबर ओळखलंत हो. तेवढं ते पंचवीसवर राहू द्या तुमच्या यंत्रात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी मान डोलावली.

रोप आता त्यांच्या खिडकीत आहे, माझ्या ऑफिसपासून बसने अर्ध्या तासावर. कशाचा कशाशी काडीचा संबंध नाही. तरी मी संगणकात एक छोटा पडदा पंचवीस अंशांवर चालू ठेवलाय. साहेबांनी विचारलं तर तुलनेसाठी आहे म्हणून सांगतो. सासूबाईंच्या समाधानासाठी, दुसरं काही नाही.

परवा सकाळी दुरुस्तीसाठी आमचे सगळे संगणक अचानक बंद केले. पाच मिनिटांत फोन वाजला.

"जावईबापू, पानं गार लागतायत. तुम्ही जागेवर नाही का?"

मी जागेवरच होतो, काळ्या स्क्रीनसमोर.

"चहाला आलो होतो," मी म्हणालो. "हा निघालोच."

फोन ठेवला आणि मी, विज्ञानाचा माणूस, दुरुस्तीवाल्याचे पाय धरायला धावलो.