उभं राहणारं कुत्रं की उठवणारं?

कुत्र्यांतलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या साउथ डकोटात कुणाला कळत नाही, हे मी त्या शनिवारी न्याहारीच्या टेबलावर स्वच्छ सांगून टाकलं!

"पॉइंटरच घ्यायचा," मी म्हणालो. "पक्ष्याचा वास आला की जागच्या जागी पुतळा! आपण सावकाश जायचं, बंदूक सावरायची, मग पक्षी उठवायचा. बाबांच्या गुडघ्यांना तेच बरं."

बाबा म्हणजे माझे सासरे, गेरहार्ट. वय एक्याऐंशी. गुडघे गेल्यापासून तीन हंगाम त्यांनी एकही फेझंट, म्हणजे लांब शेपटीचा रानकोंबडा, पाडला नव्हता. हाही हंगाम कोरडा गेला तर बंदूक विकून टाकणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. आणि ते बोलले की बोलले!

"फेझंट काय तुझ्या पुतळ्यासमोर बसून राहणारे?" माझी बायको आर्लिस म्हणाली. "तो गवतातून पळत सुटतो! स्पॅनियलच हवा. आत घुसून फर्रकन उडवतो!"

"आणि बाबा त्याच्यामागे धावणार?"

"भांडा, भांडा!" बाबा ताटातून मान वर न काढता म्हणाले. "तोवर पक्षी म्हातारपणानं मरतील."

शेवटी कुत्री पाळणाऱ्या होल्मक्विस्टबाईंनी दोन कुत्री दिवसभरासाठी दिली. डचेस ही पॉइंटर, बिस्किट हा स्पॅनियल. "एका वेळी एकालाच सोडा हं!" त्यांनी बजावलं. पण मला कोण शिकवणार! मी दोघांना एकदम सोडलं.

बाबांना शेताच्या टोकाला स्टुलावर बसवलं, शेजारी आर्लिस. मी दुसऱ्या टोकाकडून गवतात शिरलो. पन्नास पावलांवर डचेस थबकली. एक पाय वर, शेपटी ताठ, जणू महाराणी फोटोला उभी!

"बघा!" मी ओरडलो. "याला म्हणतात कुत्रं!"

तेवढ्यात बिस्किट माझ्या तंगड्यांमधून तोफगोळ्यासारखा घुसला आणि त्यानं गवतातलं ते उठवलं. फेझंट नव्हता हो! काळं अंग, पाठीवर पांढरा पट्टा. स्कंक! त्यानं शांतपणे पाठ फिरवली, शेपूट उचललं आणि अशी दुर्गंधीची पिचकारी मारली की विचारू नका! नेम अचूक. कुत्री केव्हाच बाजूला झाली होती. उरलो मी!

बंदूक तिथंच टाकली आणि डोळे मिटून, हात फिरवत, बोंबलत गवत तुडवत सुटलो. दोन्ही बाजूंनी कुत्री भुंकतायत! गवतात दबून बसलेले सगळे फेझंट जिवाच्या आकांतानं पुढे पळाले आणि टोकाला जाऊन बाबांच्या डोक्यावरून उडाले.

धाड! एक. धाड! दोन. बाबांनी काडतूस भरलं. धाड! तीन! दिवसाला परवानगीच तेवढ्याची.

मी डोळे चोळत पाहिलं, तर बाबा स्टुलावरून कुणाचा हात न धरता उठले होते आणि हसत होते! आर्लिस नाचत होती.

"बाबा, बंदूक विकायची?" तिनं विचारलं.

"वेडी आहेस का? होल्मक्विस्टबाईला सांग, दोन्ही ठेवतोय! आणि हाकारा घालायला जावईबापू आहेतच."

माझा ऊर भरून आला. मी त्यांना मिठी मारायला धावलो.

"तिथंच थांब!" बापलेक एकदम किंचाळले.

त्या दिवशी काढलेला फोटो आता गावातल्या कॅफेत लावलाय. बाबा, आर्लिस, तीन फेझंट, दोन कुत्री. मीही आहे त्यात! मागे, कुंपणापलीकडे, तो ठिपका दिसतोय ना? तो हात हलवतोय बघा. तोच मी.