गॅलरीतली तोंडी परीक्षा

निवृत्त माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असा सल्ला सगळेच देतात. तो छंद शेजाऱ्यापाजाऱ्यांना झेपेल असा असावा, एवढी पुरवणी मात्र कोणी जोडत नाही. माझ्या बाबतीत सगळा घोळ तेथेच झाला.

माझी उभी हयात शाळेत इतिहास शिकविण्यात गेली. यजमान जाऊन बराच काळ लोटला. लेक दूरच्या शहरात असते. ती रविवारी फोन करते, पण ‘जेवलीस का?’ या प्रश्नापुढे तिचा अभ्यासक्रम सरकत नाही. घर पहिल्या मजल्यावर, गॅलरी रस्त्यावर, आणि रस्त्याने जाणारे निम्मे लोक माझे माजी विद्यार्थी. एका संध्याकाळी मी ठरविले की, शिकविलेल्यापैकी यांच्या डोक्यात उरले किती, ते पाहावे. एकाला एकच प्रश्न. (उत्तर आठवेपर्यंत तो माणूस माझ्या गॅलरीखाली उभा राहील, हा विचार माझ्या मनात नव्हता, असे मी लेकीला सांगितले आहे.)

पहिला सापडला कोपऱ्यावरचा शिंपी.

“साम्राज्य लयाला का गेलं?”

“दुर्बळ वारसदार, रिकामा खजिना आणि परकीय आक्रमण,” तो एका दमात म्हणाला.

“कोणतं साम्राज्य?”

“ते नाही आठवत, बाई. पण कुठलंही घ्या, बसतं.”

मग दवाखान्यातली नर्स स्कूटरवरून आली.

“उत्खननात काय काय सापडलं?”

“मडकी, मणी आणि धान्याची कोठारं.”

“कोणाची?”

“बाई, ड्यूटीला उशीर होतोय.”

समोरच्या औषधांच्या दुकानाचा मालक शटर उघडत होता. त्याला मी तहाची कलमे विचारली.

“तो धडा मी ऑप्शनला टाकला होता, बाई.”

“परीक्षेपुरता ना?”

“नाही, कायमचाच.”

सारांश, आमच्या रस्त्यावर कारणे सर्वांना तोंडपाठ होती; ती कशाची, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी नेटाने परीक्षा चालू ठेवली, आणि हळूहळू लोक पलीकडच्या फुटपाथने जाऊ लागले. काहीजण कोरड्या दिवशीही छत्री उघडत. माझ्या गॅलरीखाली उरला तो एक कुत्रा. (त्याला मी काही शिकविले नव्हते, म्हणून तो निर्धास्त झोपे.)

असे असता, एका दुपारी गॅसवर दूध ठेवून मी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले. वाऱ्याने दार धाडकन लागले आणि आतली कडी आपोआप पडली. फोन आत, दूध आत. बाहेर मी आणि दोन साड्या.

आरडाओरडा करणे माझ्या स्वभावात नाही. कापडाचे गाठोडे घेऊन शिंपी पलीकडून चालला होता, त्याला पाहून मी टाळी वाजविली. त्याने मान वर केली आणि चालण्याचा वेग वाढविला.

“दुर्बळ वारसदार, रिकामा खजिना...”

“अरे, माझं दार लागलंय!”

“...आणि परकीय आक्रमण,” असे म्हणून तो आपल्या दुकानात शिरला.

नर्स आली.

“मला मदत हवी आहे गं.”

“आम्हालाही हवी होती, बाई. तुम्ही कुठे कॉपी करू दिलीत?” हसत हसत तिने स्कूटर वळविली.

मी औषधवाल्याला हाक मारून सांगितले, “आज प्रश्न नाही.” त्याने डोके काउंटरखाली घातले. “अचानक चाचणी दिसतेय,” तो गिऱ्हाइकाला म्हणाला. (माझे कान अजून उत्तम आहेत.)

एव्हाना दूध करपल्याचा वास येऊ लागला. पातेले एका माणसापुरतेच. त्याने इमारत पेटली नसती. पण आत काही जळते आहे आणि ते सांगावे असे आपल्याला कोणी नाही, ही गोष्ट त्या वासाबरोबरच माझ्या लक्षात आली. मी साड्यांच्या घड्या घातल्या. मग मोडल्या. पुन्हा घातल्या.

तेव्हा मला वर्गातली एक जुनी युक्ती आठवली. वर्गात कोणीच हात वर करेना, की मी फळ्यावर मुद्दाम चुकीचे लिहीत असे. बाई चुकल्या म्हटले की पेंगणारी मुलेसुद्धा बाकावर उभी राहत.

मी कठड्याला धरले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, “परकीय आक्रमणामुळे साम्राज्य भरभराटीला आलं. खजिना ओसंडून वाहू लागला.”

शिंप्याचे मशीन थांबले. औषधवाल्याचे डोके काउंटरवर उगवले.

“बाई, चुकलं,” शिंपी दारातून ओरडला.

“साफ चुकलं,” औषधवाला रस्ता ओलांडत म्हणाला. दोघांच्याही चेहऱ्यावर असा आनंद मी निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

“चुकलं असेल तर वर येऊन सिद्ध करा. पुढच्या दाराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे आहे, त्यांच्या घरी इथली हाक पोचत नाही. आणि आधी गॅस बंद करा.”

दोघे आले. वहिनीही आल्या. कडी निघाली, पातेले न्हाणीघरात गेले, आणि मी बिनदुधाचा चहा केला. कपाटातून चार कप एकदम काढावे लागले. त्यांतल्या दोहोंवर धूळ होती. दिवे लागेपर्यंत मंडळी बसली. साम्राज्य का बुडाले, यावर दोघे असे भांडले की वहिनींनी मध्यस्थी केली. मी एकही प्रश्न विचारला नाही. (जीभ दातांखाली धरून चहा पिणे अवघड असते.)

निघताना औषधवाला चपला घालत थांबला.

“बाई, आता आमचा एक प्रश्न. सोपा आहे. माझं नाव सांगा.”

मला त्याचे खिडकीजवळचे बाक आठवले. त्याचे तिरके अक्षर आठवले. तो नेहमी समासात लिहितो, म्हणून मी केलेली शिक्षाही आठवली. नाव आठवेना.

“ते मी...” मी म्हणाले, “ऑप्शनला टाकलं होतं.”

“हरकत नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. “उद्या अभ्यास करून या.”

वहिनींना विचारता आले असते. पण ती कॉपी झाली असती.

काल माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. समोरचे दुकान दहा पावलांवर आहे. मी मात्र पार बाजारातल्या दुकानाकडे निघाले, भिंतीच्या कडेने, मान खाली घालून. आभाळ निरभ्र होते, तरी मी छत्री उघडली होती.

“बाई,” समोरच्या दुकानातून हाक आली, “झाला का अभ्यास?”

मी छत्री आणखी खाली ओढली.