दादूमामाचा काटा

आमच्या आळीतला दादूमामा पाथरवट भेटेल त्याच्या हातात बाभळीचा काटा द्यायचा आणि आपलं बोट पुढं करायचा. "टोच." टोचलं की तोंडभर हसायचा. "लागलं."

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मी लग्न होऊन नुकतीच वाईला आले होते. थंडीत कृष्णेवरचं धुकं आणि मामाच्या अंगणातली दगडाची धूळ एकात एक मिसळायची. त्या पांढऱ्यात मामा जात्याच्या दगडाला कान लावून बसलेला दिसायचा. गिऱ्हाइकानं घाई केली की म्हणायचा, "झोपलाय त्यो. उठू दे." कधी दगड उठायच्या आत मामाच झोपी जायचा.

पुढं त्याची बोटं गारठ्यात पांढरी पडून मग निळी व्हायला लागली. कातडी ताणून चकचकली, मूठ मिटेना. आळीनं ठरवलं, महारोग. त्यानं घडवलेली जाती खपेनात. त्याची औंधला दिलेली लेक बाळंत झाली होती, पण व्याह्यांनी निरोप धाडला, "लोकांची खात्री पटल्याबिगर पोरीला नि नातवाला धाडणार न्हाई."

महारोग्याला टोचलेलं कळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून तो काटा.

रजेवर आलेल्या हवालदारानं तर रक्तच काढलं. मामा दिवसभर ते बोट मिरवत होता. "बगा, लाल हाय. लय लागलं." देवळातल्या गुरवानं टोचलं, माझ्या सासूनं टोचलं. सासू म्हणाली, "आवं, बोटाची चाळण झाली. आता पुरं करा."

माझी नात आता डॉक्टर आहे. ती सांगते, वर्षानुवर्षं दगडाची धूळ छातीत गेली की काहींच्या अंगातली राखण करणारी ताकदच उलटते आणि आपल्याच अंगाला खाते. म्हणजे राखणीचं कुत्रं धन्याला चावलं. तेव्हा हे कोण सांगणार? सांगलीच्या डॉक्टरानं महारोग नाही एवढं म्हटलं आणि गरम कपडे घाला म्हणून परत पाठवलं, पण आळीला ते पटेना.

मी चार इयत्ता शिकलेली, म्हणून औंधला पत्र मी लिहिलं. सगळ्या आळीनं टोचून पाहिलं, मीही पाहिलं, मामांना लागतं. खाली पाच जणांचे अंगठे घेतले. पंधरा दिवसांत लेक नातवाला घेऊन आली. मामानं पोराला मांडीवर घेतलं आणि दोन दिवस दगडांकडं बघितलंही नाही.

लेक सासरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आमच्या दारात, काटा घेऊन. "टोच."

मी म्हटलं, "मामा, आता समद्यांची खात्री पटली. अजून कशाला?"

"समद्यांनी हात धरून टोचलं," तो म्हणाला. "तू हात कट्ट्यावर ठेवायला लावलास नि लांबनं टोचलंस. कागदावर लिवलंस, पर हात काय धरला न्हाईस."

खरं होतं. मला भीती वाटत होती.

मी काटा बाजूला ठेवला आणि त्याचा हात धरला. गार होता. त्यानं लवकर सोडवला नाही, आणि मीही सोडला नाही.